संध्याकाळचं माप

माझ्या दुकानात तक्रारी येतात त्या संध्याकाळी सातनंतर. डोंबिवली स्टेशनपासून चालत येण्याच्या अंतरावर माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, आणि पाडवा जवळ आला की शिवलेल्या नऊवारी. लोकलमधून उतरलेल्या बायका भाजी घेतात, दूध घेतात आणि घरी जाता जाता माझ्याकडे डोकावतात. ज्या कपड्याबद्दल बोलायचं असतं तो त्या वेळी त्यांच्या अंगावरच असतो. त्यामुळे शिवणाऱ्याला सहसा दिसत नाही ते मला दिसतं: आपण शिवलेला कपडा दिवसभर वापरून झाल्यावर कसा होतो ते.

"सकाळी काय मस्त बसला होता हो ताई. आता बघा." हे पहिलं वाक्य. खांद्यावरून घसरलेला गळा, पाठीवर चढलेला ब्लाउज, पोटाशी आडव्या घड्या पडलेला कुडता, असं काहीतरी दाखवतात. आणि लगेच दुसरं वाक्य येतं, आवाज खाली आणून: "माझंच पोट सुटलंय म्हणा." या दुसऱ्या वाक्याचा मला फार त्रास होतो. सकाळी आठला तिचं पोट होतं जवळपास तसंच आता आहे. कपड्याचं जे झालं त्याची कारणं कपड्यात आहेत, दिवसात आहेत, आणि थोडीफार अंगातही आहेत. पण ती प्रत्येकाच्या अंगात असतात.

आधी ट्रायलचं सांगते. पडद्यामागून बाई बाहेर येते आणि आरशासमोर उभी राहते. ताठ. श्वास आत घेतलेला, हात दोन्ही बाजूंना सोडलेले, मान सरळ. कुणी सांगावं लागत नाही, आरसा दिसला की माणूस आपोआप तसाच उभा राहतो. त्या अवस्थेत आपण कपडा पास करतो. मग तो कपडा घालून ती आठ सदतीसची गाडी पकडायला पळते, डब्यात हात वर करून कडी धरते, दादरला उतरून पूल चढते, खुर्चीत सात-आठ तास बसते, जेवते, खाली वाकून ड्रॉवर उघडते. ट्रायलमध्ये घेतलेली पोझ त्या सबंध दिवसात पुन्हा एकदाही येत नाही.

मी काम शिकले ते परळच्या एका मास्तरांकडे. ते ट्रायलला आलेल्या बाईला आरशाकडे पाठ करून उभं करायचे आणि म्हणायचे, "हात वर करा बाई. अजून वर. गाडीत कडी धरता तेवढा." बायका संकोचायच्या. पण ब्लाउजचं खरं दुखणं मुंढ्यात असतं आणि ते हात वर केल्याशिवाय दिसत नाही.

मुंढ्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक जणी इथेच उलटं मागतात. "मुंढा सैल ठेवा, काचतो," असं सांगतात. सैल म्हणजे खोल, असं धरून शिवणारेही मुंढा खाली उतरवतात. उभं असताना तो आरामशीर वाटतो. पण मुंढा जितका खाली, तितकी बाही बगलेपासून लांब जोडलेली. हात वर केला की बाही वर जाते आणि जाताना अख्ख्या ब्लाउजची बाजू ओढून नेते. खालची पट्टी वर चढते, पाठ उघडी पडते, पुढचे टक्स जागा सोडतात. हात खाली आणल्यावर ब्लाउज काही सगळाच्या सगळा परत येत नाही, घामाने तो जिथे चिकटला तिथेच राहतो. डोंबिवली ते सीएसएमटी हे दर दोन मिनिटांनी होत असेल तर दुपारपर्यंत त्या ब्लाउजची काय कथा उरणार? मुंढा बगलेच्या जवळ, पण कडेने नीट गोल कापलेला असेल, तर हात मोकळा फिरतो आणि ब्लाउज जागेवर राहतो. पहिल्यांदा घालताना तो किंचित घट्ट भासतो, म्हणून गिऱ्हाईक नाराज होतं.

बाहीचंही तसंच. बाहीच्या वरच्या गोलाईला उंची जास्त दिली की हात खाली सोडल्यावर ती अगदी स्वच्छ पडते, एक घडी दिसत नाही. फोटोत सुंदर. तीच बाही हात उचलू देत नाही. गोलाई कमी ठेवली तर हात छान उचलता येतो, पण हात खाली असताना बगलेपाशी थोडं कापड गोळा होतं. त्या गोळा झालेल्या कापडालाच ट्रायलमध्ये बायका "फिटिंग चुकलंय" म्हणतात. ते कापड हात उचलण्यासाठी ठेवलेलं असतं, हे मी आता बोलूनच दाखवते. काही ऐकतात. काही म्हणतात, नको, काढून टाका. त्यांना हवं तसं मी करून देते, पण सांगितल्याशिवाय देत नाही.

बसण्याचा हिशेब याहून साधा आहे. उभ्या माणसाच्या आणि बसलेल्या माणसाच्या मापात फरक असतो. बसल्यावर सीट पसरते, घेर इंच-दीड इंच तरी वाढतो, आणि पोट वर सरकून कमरेवर येतं. कुडत्याची चीर जिथे सुरू होते ती जागा उभ्याने बरोबर दिसली तरी बसताना शिवण ताणली जाते. संध्याकाळी चिरेच्या टोकाशी धागे उसवलेले कुडते मी इतके बघते की हल्ली त्या टोकाला आतून कापडाचा छोटा तुकडा लावूनच देते.

आणि परकराची नाडी. सकाळी रिकाम्या पोटी, उभ्याने, "साडी सुटायला नको" म्हणून करकचून बांधलेली. जेवल्यावर, बसल्यावर ती रुतायला लागते. रुतली की बाई चारचौघांत हळूच अंगठा घालून ती खाली सारते, नाडीबरोबर साडी खाली येते, निऱ्या जमिनीला लागतात आणि फॉल काळा होतो. सकाळी बरोबर टाचेपर्यंत असलेली साडी संध्याकाळी पायात येते ती अशी. इथे दिसण्यापलीकडचा प्रश्न आहे. 2024 साली वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये दोन वयस्क बायकांच्या केसेस छापल्या. वर्षानुवर्षं घट्ट बांधलेल्या साडी-परकराच्या घर्षणाने कमरेवर जखम झाली, ती भरली नाही, आणि पुढे तिथे त्वचेचा कॅन्सर झाला. असं क्वचितच घडतं, घाबरवायला मी हे सांगत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी काकूंच्या कमरेवर काळा पट्टा आणि खरखरीत कातडी मी मापं घेताना बघते, आणि त्यांना ते दुखणं वाटतच नाही. मी परकराला नाडीऐवजी रुंद पट्टा आणि दोन जागी हुक लावून देते: एक सकाळचा, एक जेवणानंतरचा. ज्यांनी एकदा वापरला त्या पुन्हा नाडीकडे गेलेल्या नाहीत.

आता अंगाबद्दल. दिवसभरात माणसाची उंची साधारण एक सेंटिमीटरने कमी होते, कारण मणक्यांमधल्या गाद्या भाराने दबतात. रात्री आडवं झालं की त्या पुन्हा भरतात. पाय सुजतात, विशेषतः उभ्याने काम करणाऱ्यांचे, म्हणून चपला संध्याकाळी घ्याव्यात असं म्हणतात ते बरोबरच आहे. बांगड्या घट्ट होतात. जेवणाने, चहाने, ताणाने पोट थोडं फुगतं. हे सगळ्यांचं होतं, विशीतल्या मुलीचंही. मग माप रविवारी सकाळी अकराला, आंघोळ करून ताजंतवानं अंग असताना का घ्यायचं? मी शक्यतो संध्याकाळी घेते. रविवारी आलेल्या गिऱ्हाइकाला कमरेत अर्धा इंच आपणहून देते आणि शिवणीत मार्जिन सोडते. हल्ली तयार कपड्यांत मार्जिन उरलेलंच नाही, इंटरलॉक मारून कापड कडेपर्यंत कापलेलं असतं. उसवून सैल करायला जागाच नसते. मला याचा खरंच राग येतो. दोन बोटं कापड वाचवून तो कपडा वर्षभरात टाकाऊ केलेला असतो.

कापडाच्या निवडीत आमच्याकडच्या हवेचा विचार फार कमी केला जातो. 65 टक्के दमटपणाच्या हवेत शंभर ग्रॅम कोरडं सुती कापड साधारण साडेआठ ग्रॅम पाणी धरतं, रेयॉन तेरा ग्रॅमच्या आसपास, आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. पावसाळ्यात इथली हवा 80 टक्क्यांच्या वर असते. म्हणजे सुती कुडता सकाळी इस्त्रीचा, आणि गाडीत शिरला की ओलावा प्यायला लागतो. इस्त्री करताना आपण काय करतो? कापडाला पाणी, उष्णता आणि दाब देतो; तंतूंमधले जोड सैल होतात, नव्या जागी बसतात, आणि गार झाल्यावर तिथेच टिकतात. खुर्चीत बसलेल्या बाईच्या पाठीमागच्या आणि मांडीखालच्या कुडत्याला दिवसभर घाम, अंगाची ऊब आणि वजन हेच तिन्ही मिळत असतं. घड्या पक्क्या होतात त्या यामुळे. सुती आणि लिननचा हा गुण आहे, त्यात वापरणाऱ्याची काही गबाळगिरी नाही. खळ घातलेल्या साडीचं दुःख यातलंच: खळही ओलावा ओढते, आणि सकाळी कडक उभा राहिलेला पदर दुपारी मान टाकतो. विदर्भातल्या माझ्या मामीची खळीची साडी उन्हाळ्यात रात्रीपर्यंत कडक राहायची. तीच साडी ती इकडे लग्नाला नेसली आणि वैतागली. नागपूरचा मे महिना कोरडा, इथला चिकट. साडीचं त्यात काय चुकलं?

पॉलिएस्टर चुरगळत नाही म्हणून ऑफिससाठी घेतात. ते घाम पीतच नाही, त्यामुळे तो अंगावरच राहतो आणि बाई दिवसभर चिडचिडी होते. दिसायला कपडा संध्याकाळी सकाळसारखाच, आणि तरी घरी आल्या आल्या अंगावरून ओरबाडून काढावासा वाटतो. रेयॉन दुकानात हातावर घेतलं की इतकं मऊ आणि झुळझुळीत लागतं की मोह होतोच. पण ओलं झाल्यावर त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते आणि ते स्वतःच्या वजनाने लोंबतं. घेरदार, उरेब कापलेला रेयॉनचा कुडता असेल तर त्याचा खालचा काठ दिवसभरात कुठे वर, कुठे खाली होतो. उरेब कापड धाग्याच्या तिरक्या रेषेत लोंबत जातंच. म्हणून तसा कपडा शिवून मी रात्रभर, जमल्यास दोन रात्री, हँगरवर टांगून ठेवते. जे उतरायचं ते तिथे उतरू दे, मग काठ सारखा करून दुमडायचा. गिऱ्हाईक घाईत असतं, "उद्याच हवाय" म्हणतं. उद्या दिलेल्या घेराचा काठ पहिल्याच समारंभात वाकडा होतो.

रंगाचं थोडक्यात सांगते. ट्यूबलाइटखाली साडीशी जुळवलेलं ब्लाउजपीस उन्हात वेगळं दिसू शकतं, कारण दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या रसायनांनी केलेले असतात आणि प्रत्येक उजेडात ते सारखे जुळतील असं नाही. दुकानाच्या पायरीवर येऊन बघावं, एवढंच.

या सगळ्याची सर्वांत मोठी परीक्षा पाडव्याला असते. नववर्ष स्वागतयात्रेची सुरुवात आमच्या डोंबिवलीतून झाली आणि मग ती गावोगावी गेली, त्यामुळे इथे पाडव्याच्या आधीचे तीन-चार आठवडे मशीन थांबत नाही. सगळ्यांना शिवलेली नऊवारी हवी. पायजम्यासारखी चढवायची, हुक लावायचा, झालं. नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, निऱ्या आणि काष्टा जागच्या जागी टाचलेला. ट्रायलला ती इतकी देखणी दिसते की पोरी आरशासमोरून हलत नाहीत. आणि पाडव्याच्या दुपारी त्यातल्या निम्म्या जणी कधी एकदा ती काढते अशा झालेल्या असतात.

माझी आजी शेतात नऊवारीत वावरायची. ती साडी कुठेच शिवलेली नव्हती. वाकताना काष्टा थोडा ओढून घ्यायचा, बसताना सैल सोडायचा, पाण्यात उतरताना वर खोचायचा. अंगाने जे मागितलं ते कापड त्या क्षणी देत होतं, आणि दिवसातून दोन-चारदा हात फिरवून ती साडी पुन्हा नीट केली जायची, नकळत. शिवल्यावर ही सोय संपते. काष्ट्याचं आसन एकदा ठरलं की ठरलं. उभं असताना सुबक दिसावं म्हणून ते उथळ ठेवलं, तर मुलगी बुलेटवर पाय टाकून बसताना पाठीमागची शिवण आधी जाते. ढोलपथकातली असेल तर कमरेला ढोल बांधलेला, त्याचा पट्टा नेमका हुकाच्या जागी रुतणार, आणि ठोका देताना हात खांद्याच्या वर जाणार. म्हणजे मुंढ्याचा प्रश्न पुन्हा आलाच. वर मार्च-एप्रिलचं ऊन, आणि कापड बहुतेक वेळा चमकणारं, घाम न पिणारं.

म्हणून नऊवारीची ऑर्डर घेताना मी रंगाआधी विचारते, "यात्रेत काय करणार आहेस?" चालणार, लेझीम खेळणार, गाडी चालवणार, की रथावर बसणार? गाडी चालवणारीचं आसन मी दोन इंच खोल घेते आणि तिथे उरेब पट्टीचा चौकोनी तुकडा घालते, म्हणजे पाय फाकला तरी शिवणीवर ताण येत नाही. उभी असताना मागे थोडा झोळ दिसतो. तो काष्ट्याच्या निऱ्यांत लपवता येतो, पण त्यासाठी निऱ्या हाताने घालाव्या लागतात, वेळ जातो. ढोलवालीच्या कमरेचा हुक मी बाजूला सरकवते. आणि ट्रायलला सगळ्यांना जमिनीवर मांडी घालून बसवते. दुकानात त्यासाठी सतरंजी ठेवलीय. पोरी हसतात, एकमेकींचे व्हिडिओ काढतात. पण त्या मांडीतच कळतं, कुठे ओढतंय.

साध्या ड्रेससाठीही आता माझे प्रश्न ठरलेले आहेत. बसायला मिळतं का गाडीत? पर्स कुठल्या खांद्यावर घेता? एसी डोक्यावर आहे का? काम उभ्याचं की बसून? पर्सच्या पट्ट्याने एकाच खांद्यावरची शिवण घासते आणि गळा त्या बाजूला ओढला जातो. त्या खांद्याला आतून टेप घातली की गळा जागेवर राहतो. फळ्याकडे हात करून लिहिणाऱ्या शिक्षिकेचा कुडता मागून लांब ठेवावा लागतो. या गोष्टी मापाच्या वहीत लिहायला मी वेगळी जागा ठेवलीय, छाती-कंबर-सीटच्या खाली. त्याने माझं काम मंदावतं. शेजारची दुकानं दिवसाला जेवढे ब्लाउज काढतात तेवढे माझ्याकडून निघत नाहीत, आणि ते मला चालतं.

चालत नाही ते एकच: बाईने माझ्यासमोर उभं राहून स्वतःच्या अंगाची माफी मागितल्यासारखं बोलणं. "दंड जाड आहेत ना माझे." "मला काही चांगलंच दिसत नाही." सकाळी ज्या कपड्यात ती स्वतःवर खूष होऊन घराबाहेर पडली, त्यानेच संध्याकाळी तिला असं बोलायला लावलं, याचं मला फार वाईट वाटतं. मी तेव्हा समजावत बसत नाही. तिला हात वर करायला सांगते, मुंढा दाखवते, टाचणी लावून तो किती वर घ्यायला हवा होता ते दाखवते. कपडा कुठे अडला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की ती अंगाबद्दल बोलायची थांबते आणि शिवणीबद्दल बोलायला लागते. मग आमचं काम नीट होतं.

मध्यंतरी एक नर्स आली. रात्रपाळी करणारी. तिला ड्यूटीवर घालायला पँट आणि ट्युनिक शिवून हवं होतं, कारण तयार घेतलेले सगळे पहाटेपर्यंत कमरेत आणि पोटऱ्यांत आवळत. तिने विचारलं, "माप कधी द्यायला येऊ?" मी नेहमीप्रमाणे संध्याकाळ म्हणाले. ती म्हणाली, "ताई, संध्याकाळी तर मी झोपून उठलेली असते." बरोबर होतं तिचं. तिचा दिवस संपतो सकाळी सातला. मग एका सकाळी मी शटर लवकर उघडलं आणि ती स्टेशनवरून थेट आली, बारा तास वॉर्डात फिरून. मी माप घेतलं: कंबर, सीट, पोटरीचा घेर. तिच्या तयार पँटवर लिहिलेल्या मापापेक्षा पोटरी पाऊण इंचाने जास्त भरली. मी पँटला पाठीमागे निम्म्या कमरेत इलॅस्टिक घातलं, पोटरीला सरळ घेर दिला, ट्युनिकच्या बगलेत चौकोनी तुकडा घातला आणि खिसा उजव्या मांडीवर खाली घेतला, म्हणजे वाकताना त्यातली कात्री पोटात टोचणार नाही. ट्रायलही सकाळी आठलाच झाली. तिने खाली बसून पाहिलं, हात वर करून सलाइनची बाटली टांगल्यासारखं केलं, दोनदा, आणि म्हणाली, "अजून एक जोड याच मापाचा शिवा. आणि माझ्यासोबतच्या दोघींना पाठवू का? त्याही सातलाच सुटतात."

हल्ली गुरुवारी मी दुकान साडेसातला उघडते.